वीस मीटर आणि दोन सेकंदं: ल माँच्या दोन शेवटांचा इतिहास



मोटार शर्यतींचे चाहते एकत्र जमले की एक वाद हमखास निघतो: चोवीस तासांच्या शर्यतीतला सगळ्यात अटीतटीचा शेवट कोणता? फ्रान्समधल्या ल माँ या गावी 1923 पासून ही शर्यत होते आहे. आपल्याकडे बरेच जण तिला ‘ले मान्स’ म्हणतात. या वादात एक गट 1966 चं नाव घेतो, दुसरा 1969 चं. पहिला म्हणतो, वीस मीटर. दुसरा म्हणतो, एकशेवीस मीटर, पण ते खरे.

आज आपण हे दोन शेवट बघणार आहोत. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. हे दोन्ही शेवट समजून घ्यायचे तर अंतिम रेषेकडे बघून चालत नाही, शर्यत सुरू कशी झाली ते बघावं लागतं. आणि तिथे गेलं की वाद नुसत्या मीटरांचा राहत नाही, माणसांच्या जिवाचा होतो.

आधी ही शर्यत समजून घेऊ. बहुतेक शर्यतींमध्ये अंतर ठरलेलं असतं आणि वेळ मोजली जाते. इथे उलटं आहे. वेळ ठरलेली, चोवीस तास, आणि मोजायचं ते अंतर. एका गाडीत आळीपाळीने बसणारे चालक त्या वेळात किती मजल मारतात, हा प्रश्न. त्या काळात एका गाडीला दोन चालक असत.

सुरुवातही वेगळी होती. गाड्या पिटच्या कडेला तिरक्या, एकामागे एक रांगेत उभ्या करायच्या. सरावात ज्याची वेळ चांगली, त्याची गाडी पुढे. चालक रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला उभे. झेंडा पडला की धावत रस्ता ओलांडायचा, गाडीत उडी मारायची, इंजिन सुरू करायचं आणि निघायचं. प्रेक्षकांना हे दृश्य फार आवडायचं. हे दृश्य लक्षात ठेवा, कारण आपली सगळी गोष्ट त्याच्यात आहे.

आता 1966. फेरारीने 1960 ते 1965 अशी सलग सहा वर्षं ही शर्यत जिंकलेली. अमेरिकेच्या फोर्ड कंपनीने 1963 मध्ये फेरारी विकत घ्यायचा प्रयत्न केला होता, तो व्यवहार शेवटच्या क्षणी फिसकटला. त्यानंतर फोर्डने ठरवलं की या इटालियन मंडळींना त्यांच्याच आखाड्यात हरवायचं. 1966 साली फोर्डने जीटी-40 मार्क-2 जातीच्या आठ गाड्या उतरवल्या. शर्यतीला झेंडा दाखवायला खुद्द हेन्री फोर्ड दुसरे हजर होते. म्हणजे कंपनीची केवढी प्रतिष्ठा पणाला लागली होती, बघा.

आठपैकी शेवटपर्यंत टिकल्या तीन. पण त्या तीनच पहिल्या तीन क्रमांकांवर होत्या. फेरारीच्या मुख्य गाड्या एकेक करत बाद झालेल्या. शेवटच्या टप्प्यात पुढे होती केन माइल्स आणि डेनी ह्यूम यांची गाडी. तिच्या मागे ब्रूस मॅक्लॅरन आणि ख्रिस अ‍ॅमन. तिसरी गाडी कितीतरी फेऱ्या मागे.

इथे फोर्डच्या शर्यत विभागाचे प्रमुख लिओ बीबी यांनी ठरवलं की पहिल्या दोन गाड्यांनी एकत्र रेषा ओलांडायची. बरोबरीत निकाल लागेल आणि छायाचित्रही झकास येईल. माइल्सला वेग कमी करायला सांगितलं. मॅक्लॅरन जवळ आला. रविवारी दुपारी चार वाजता, पावसाळी हवेत, तिन्ही फोर्ड एकत्र आल्या.

आणि मग आयोजकांनी जाहीर केलं, बरोबरी नाही. मॅक्लॅरन आणि अ‍ॅमन विजयी.

का? तर मोजायचं ते अंतर. समजा, एकाच रस्त्यावर दोघं जण चालायला निघाले. एक विजेच्या खांबापासून निघाला, दुसरा त्याच्या वीस पावलं मागून. चोवीस तासांनी दोघं एकाच झाडाखाली पोचले. जास्त कोण चालला? उघड आहे, मागून निघालेला. माइल्सची गाडी सरावातल्या वेळेमुळे दुसऱ्या क्रमांकावर उभी होती आणि मॅक्लॅरनची चौथ्या. दोन्ही गाड्यांच्या फेऱ्या सारख्याच, 360. पण मॅक्लॅरनची गाडी सुरुवातीला सुमारे वीस मीटर मागे होती, म्हणून ती तेवढी जास्त धावली. एकूण अंतर 4843 किलोमीटर. त्यात वीस मीटर म्हणजे साधारण अडीच लाखांत एक भाग. त्या एका भागावर निकाल लागला.

आता चाहत्यांचा एक आवडता वाद बघा. रेषेपाशी मॅक्लॅरनची गाडी किंचित पुढे दिसते. मग माइल्सने रागाने पाय काढून घेतला, की मॅक्लॅरनने गाडी पुढे दामटली? यावर माणसं साठ वर्षं भांडतायत. पण नियम नीट वाचला तर निकालापुरता हा वाद गळून पडतो. दोन्ही गाड्या अगदी बंपरला बंपर लावून आल्या असत्या तरी मॅक्लॅरनच जिंकला असता. माइल्सला जिंकायचं तर वीस मीटरहून जास्त पुढे राहायला हवं होतं. म्हणजे ‘एकत्र या’ असं ज्या क्षणी ठरलं, त्याच क्षणी निकाल लागून गेला होता. शनिवारी चांगली जागा मिळवली म्हणून रविवारी हार, असा हा उफराटा हिशोब.

या हारीची किंमत काय होती? त्या वर्षी माइल्सने लॉइड रूबीबरोबर डेटोनाची चोवीस तासांची शर्यत जिंकली होती. सेब्रिंगची बारा तासांचीही जिंकली होती. ल माँ जिंकला असता तर एकाच वर्षात तिन्ही मोठ्या शर्यती त्याच्या नावावर लागल्या असत्या. पुढच्या वर्षी पुन्हा प्रयत्न केला असता, असं आपण सहज म्हणू. पण त्याला पुढचं वर्ष मिळालंच नाही. दोनच महिन्यांनी, 17 ऑगस्ट 1966 रोजी, कॅलिफोर्नियात रिव्हरसाइडच्या ट्रॅकवर फोर्डच्या नव्या गाडीची चाचणी घेताना अपघातात तो गेला. वय 47. पाऊणशे वर्षांचं आयुष्य लाभलं असतं, तर हा किस्सा त्याने हसत सांगितला असता. तसं झालं नाही, म्हणून तो चाहत्यांच्या मनात सलत राहिला. 2019 च्या हॉलिवूडपटाने ती सल आणखी ताजी केली.

मात्र इतिहास सांगताना तराजू थोडा सरळ धरायला हवा. एक म्हणजे ह्यूम. माइल्सवर अन्याय झाला असं म्हणणारे त्याच गाडीतल्या ह्यूमला साफ विसरतात. विजय गेला तो दोघांचा. दुसरं, सेब्रिंग. तिथे डॅन गर्नीची गाडी आघाडीवर असताना शेवटच्या फेरीत बंद पडली. त्याने ती ढकलत नेली, म्हणून त्याला बाद केलं, आणि माइल्स-रूबी जिंकले. नशिबाचं पारडं मार्चमध्ये माइल्सकडे झुकलं होतं, जूनमध्ये उलटं फिरलं. आणि तिसरं, मॅक्लॅरन आणि अ‍ॅमन काही फुकटचे विजेते नव्हते. सुरुवातीला टायर साथ देत नव्हते, ते बदलून त्यांनी पिछाडी भरून काढली होती.

पण एक मान्य करावं लागेल. 1966 चा शेवट चुरशीचा नव्हता, तो जुळवून आणलेला होता. दोन गाड्या जवळ आल्या कारण एकीला थांबायला सांगितलं.

आता एक बारीक गोष्ट. त्याच शर्यतीत माइल्सला पहिल्याच फेरीनंतर पिटमध्ये यावं लागलं होतं. का? घाईत बसताना दार नीट लागलं नाही. आठवा ते धावतपळत सुरू होणं. 1968 मध्ये हीच चूक विली मेरेस या बेल्जियन चालकाला भोवली. दार नीट न लागलेल्या त्याच्या फोर्डला पहिल्याच फेरीत, लांब सरळ रस्त्यावर वेगात असताना अपघात झाला. तो जगला, पण त्याची कारकीर्द तिथेच संपली. सीट बेल्टची तीच कथा. धावत येऊन बसायचं आणि पट्टे बांधत बसायचं म्हटलं तर बाकीचे निघून जाणार. मग बरेच जण तसेच सुटायचे आणि पुढे सरळ रस्ता आला की चालत्या गाडीत पट्टे अडकवायचा प्रयत्न करायचे.

आता 1969. त्या रविवारी फ्रान्समध्ये राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीची दुसरी फेरी होती, म्हणून शर्यत चारऐवजी दोन वाजता सुरू केली. झेंडा पडला, सगळे धावले. एक जण मात्र धावला नाही. जॅकी इक्स, वय 24, बेल्जियमचाच. तो शांतपणे चालत रस्ता ओलांडून गेला, गाडीत बसला, पट्टे नीट बांधले आणि सगळ्यांच्या शेवटी निघाला. या पद्धतीला त्याचा तो निषेध होता.

आणि त्याच पहिल्या फेरीत जॉन वुल्फ हा ब्रिटिश चालक मेझाँ ब्लांश या वळणापाशी आदळला. गाडी पोर्शे 917, नवी कोरी, अतिशय वेगवान आणि काबूत ठेवायला अवघड. त्याने पट्टे बांधलेले नव्हते. तो गाडीबाहेर फेकला गेला आणि मरण पावला. त्याच्या गाडीची पेटलेली टाकी मागून येणाऱ्या फेरारीवर आली आणि ती गाडीही शर्यतीतून बाद झाली. त्या फेरारीत कोण होता? 1966 चा विजेता ख्रिस अ‍ॅमन. तो वाचला.

शर्यत चालूच राहिली. दुसरी एक पोर्शे 917 कित्येक तास आघाडीवर होती. तिने एकविसाव्या तासाच्या सुमाराला दम टाकला. मग उरल्या दोन गाड्या. एक इक्स आणि जॅकी ऑलिव्हर यांची निळी-नारिंगी फोर्ड जीटी-40. आदल्या वर्षी हीच गाडी जिंकली होती, पण आता ती जुनी झाली होती. दुसरी हान्स हरमान आणि जेरार लारूस यांची पोर्शे 908. या पोर्शेचा सुरुवातीला चाकाच्या दुरुस्तीत बराच वेळ गेला होता, तो तिने रात्रभर धावून भरून काढला.

शेवटच्या तासात आघाडी पुन्हा पुन्हा बदलत होती. पुढच्या गाडीच्या मागे चिकटून राहिलं की हवेचा अडथळा कमी होतो आणि योग्य वेळी बाहेर पडून पुढे जाता येतं. दोघंही हाच डाव खेळत होते. पोर्शेचे ब्रेक झिजत आले होते. अखेर चोवीस तासांनी इक्स पुढे राहिला. अंतर सुमारे 120 मीटर, दोघांच्याही फेऱ्या 372, एकूण अंतर पाच हजार किलोमीटरला जेमतेम दोन किलोमीटर कमी.

आता साधं गणित करू. सरासरी वेग ताशी 208 किलोमीटर. त्या वेगाने 120 मीटर जायला लागतात दोन सेकंदं. इक्सने सुरुवातीला चालत जाऊन, पट्टे बांधून जी सेकंदं सोडली, ती दोनपेक्षा नक्कीच जास्त होती. म्हणजे शर्यत जेवढ्या फरकाने जिंकली, त्याहून जास्त वेळ त्याने आधी स्वतःच्या हाताने देऊन टाकला होता. एवढंही करून जिंकला.

धावत्या सुरुवातीचे समर्थक म्हणायचे, इथे प्रत्येक सेकंद मोलाचा. खरंच आहे. दोन सेकंदांनी लागलेला निकाल याहून वेगळं काय सांगतो? पण त्या निकालाने दुसरीही गोष्ट दाखवली. सेकंद मोलाचं असलं तरी ते कुठे वाचवायचं हे चालकाने ठरवायचं असतं. ब्रेक सांभाळून वाचवा, पिटमधलं काम नेटकं करून वाचवा. जीव टांगणीला लावून वाचवलेलं सेकंद चोवीस तासांच्या हिशोबात कुठल्या कुठे जातं.

आयोजकांनी ते ऐकलं. 1970 मध्ये चालक आधीच गाडीत, पट्टे बांधून बसलेले होते. 1971 पासून गाड्या चालत्या रांगेतून सुटू लागल्या. धावत रस्ता ओलांडणं कायमचं बंद झालं. त्याबरोबर 1966 चा तो वीस मीटरचा तिढाही इतिहासजमा झाला, कारण त्याचं मूळ तिरक्या उभ्या गाड्यांच्या रांगेत होतं.

पुढचं एक उदाहरण देतो. 2011 मध्ये ऑडीने प्यूजोला 13.854 सेकंदांनी हरवलं. तोही चुरशीचा शेवट मानला जातो. त्याच शर्यतीत ऑडीच्या उरलेल्या दोन्ही गाड्यांचा चक्काचूर झाला होता. अ‍ॅलन मॅकनिश आणि माइक रॉकनफेलर, दोघंही त्यातून जिवंत बाहेर आले. चाहते 13 सेकंदांची चर्चा करतात, ती करावीच. पण त्या दोघांचं चालत बाहेर येणं हाही त्याच शर्यतीचा निकाल आहे.

तर मग सगळ्यात अटीतटीचा शेवट कोणता? नोंदवहीत 1966, कारण वीस हा आकडा लहान. झुंज म्हणाल तर 1969. माझं मत दुसऱ्या बाजूला आहे, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. 1966 मध्ये सुरुवातीची जागा एका माणसाच्या नकळत त्याच्याविरुद्ध गेली. 1969 मध्ये एका माणसाने समजून उमजून सगळ्यात मागची जागा घेतली आणि तिथून जिंकला. इक्सने पुढे ल माँ आणखी पाच वेळा जिंकलं, एकूण सहा. पण मला विचाराल तर त्याची सर्वांत मोठी कामगिरी म्हणजे शनिवारी दुपारी दोन वाजता, रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत टाकलेली ती काही पावलं.