दोनदा पोरकी झालेली मुलगी

१/ इ.स. १८७०. अमेरिकेतील यादवी युद्ध संपून पाच वर्षे झाली आहेत. टेक्ससच्या गावोगावी कॅप्टन किड हा एकाहत्तर वर्षांचा विधुर माणशी दहा सेंट घेऊन वर्तमानपत्रे वाचून दाखवतो. पॉलेट जाइल्स यांच्या 'न्यूज ऑफ द वर्ल्ड' (२०१६) या कादंबरीचा हा नायक काल्पनिक आहे. त्याच्यावर येऊन पडणारी जबाबदारी मात्र खऱ्या इतिहासातली आहे.

२/ दहा वर्षांची जोहाना ही जर्मन वसाहतकऱ्यांची मुलगी. चार वर्षांपूर्वी कायोवांच्या हल्ल्यात तिचे आईवडील मारले गेले. पुढे कायोवा कुटुंबानेच तिला लेकीसारखे वाढवले. आता तिला 'सोडवून' आणले आहे. सुमारे चारशे मैलांवरील काका-काकूंकडे तिला किडने पोहोचवायचे आहे.

३/ सरकारदरबारी ही सुटका होती. मुलीच्या दृष्टीने मात्र तिचे आईवडील दुसऱ्यांदा हिरावले गेले होते.

४/ असे का घडे? साथीचे रोग आणि लढाया यांमुळे कोमांची व कायोवा यांची संख्या घटत होती. पळवून आणलेली लहान मुले दत्तक घेऊन ती तूट काही अंशी भरून काढली जाई. सर्वच बंदिवानांना माया लाभली असे नाही. कित्येकांचा छळ झाला, काही मारले गेले. परंतु कोवळ्या वयात दत्तक गेलेली अनेक मुले मनाने त्याच समाजाची झाली.

५/ सर्वांत प्रसिद्ध उदाहरण सिंथिया ॲन पार्करचे. १८३६ मध्ये, सुमारे नऊ वर्षांची असताना, कोमांचींनी तिला नेले. पुढे पेटा नोकोना या सरदाराशी तिचा विवाह झाला व तीन मुले झाली. डिसेंबर १८६० मध्ये टेक्सस रेंजर्सनी तिला तान्ह्या मुलीसह पकडून 'घरी' आणले.

६/ टेक्ससच्या विधिमंडळाने तिला जमीन आणि वर्षाला शंभर डॉलर मंजूर केले. तिला हवे होते ते मुलगे, आणि ते कोमांचींकडेच राहिले होते. तिने पळून जाण्याचे वारंवार प्रयत्न केले. काही वर्षांत जवळची मुलगीही दगावली. मुलग्यांची भेट न होताच सिंथियाचा अंत झाला. पुढे कोमांचींचा नेता झालेल्या तिच्या मुलाने, क्वानाने, आईचे पार्कर हे आडनाव लावले आणि १९१० मध्ये तिचे अवशेष ओक्लाहोमात आणून पुन्हा दफन केले.

७/ जोहानाप्रमाणेच जर्मन कुटुंबातील हर्मन लेमनला १८७० मध्ये अपाचींनी पळवले. नंतर तो कोमांचींमध्ये राहिला. १८७८ मध्ये तो आईकडे परतला, तेव्हा मातृभाषा विसरला होता.

८/ कादंबरीत किड मुलीला ठरल्याप्रमाणे काका-काकूंच्या स्वाधीन करतो. तिथे तिला मोलकरणीसारखे राबवले जाते, मारलेही जाते. ते पाहून तो तिला परत घेऊन जातो. त्या दोघांत रक्ताचे नाते नाही, पण प्रवासात ती त्याला कायोवा भाषेत आजोबा म्हणू लागलेली असते. तिला कुठे राहायचे आहे हे जाणून घेणारा माणूस कादंबरीतील जोहानाला भेटला. सिंथियाला तो भेटला नाही.