मधली चित्रं कोण काढतं?

मागच्या वेळी आपण झेनोच्या बाणापाशी थांबलो होतो. उडणारा बाण कोणत्याही एका क्षणी एकाच जागी असतो, मग तो उडतो कधी? व्याख्यानानंतर एकांनी मला विचारलं, ‘सर, हे कोडं आज कुणाला पडतं?’ मला वाटतं, कार्टून करणाऱ्यांना ते रोज पडतं.

अ‍ॅनिमेशनचं कोणतंही सॉफ्टवेअर उघडा. बहुधा खाली एक आडवी पट्टी असते, ती टाइमलाइन. तिच्यावर फ्रेम आखलेल्या. पहिल्या फ्रेमवर चेंडू डावीकडे ठेवा, २५व्या फ्रेमवर २४० पिक्सेल उजवीकडे. मधल्या २३ फ्रेम संगणक भरतो, दर फ्रेमला १० पिक्सेल सरकवून. याला म्हणायचं ट्वीनिंग. शब्द आला ‘इन-बिट्वीन’वरून, आणि त्या शब्दामागे माणसं होती बरं का.

विन्सर मॅके या अमेरिकन चित्रकारानं १९१४ साली ‘गर्टी द डायनासोर’ केला, तेव्हा त्यानं आधी हालचालीतल्या मुख्य अवस्था काढल्या आणि नंतर मधल्या जागा भरल्या. पुढे १९३०च्या दशकात डिस्नेच्या स्टुडिओत याची रीतसर श्रमविभागणी झाली. मुख्य चित्रं उस्तादानं काढायची, मधली ‘इन-बिट्वीनर’नं. सेकंदाला २४ फ्रेम. एक चित्र दोन फ्रेम धरलं तरी १२ चित्रं लागतात. ही मधली कामं बहुतेक नव्या पोरांकडे. १९४१ साली तिथे संप झाला. त्याची कारणं अनेक, पण खालच्या फळीचा तुटपुंजा पगार हे त्यातलं एक. पडद्यावर आपण जे पाहतो त्यातला मोठा भाग या मंडळींच्या हातचा, हे आपण सहज विसरतो.

१९६९ साली नेस्टर बर्टनिक नावाच्या कॅनेडियन शास्त्रज्ञानं एका परिषदेत डिस्नेच्या एका अ‍ॅनिमेटरचं भाषण ऐकलं. त्यात हीच उस्ताद-शागिर्दाची पद्धत सांगितली होती. त्याच्या मनात आलं, शागिर्दाचं काम संगणकाला का देऊ नये? ओटावाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये त्यानं मार्सेली वाइन यांच्याबरोबर तशी प्रणाली उभी केली. तिच्यावर पीटर फोल्डेसनं १९७४ साली ‘हंगर’ हा छोटा चित्रपट केला. एक माणूस खात सुटतो, फुगत जातो, आणि शेवटी उपाशी माणसं त्यालाच खातात. रेषा वितळून एका आकाराचा दुसरा होतो. कानमध्ये त्याला ज्यूरीचं पारितोषिक मिळालं, ऑस्करसाठी नामांकनही झालं. त्या वितळण्यात काहीतरी अमानुष आहे, आणि विषयाला तेच शोभून दिसतं.

अमानुष का? तर यंत्र दोन बिंदूंमध्ये सरळ रेषेत चालतं. हात वर केलेला आहे आणि तो बाजूला आडवा आणायचाय, असं समजा. खांदा जागेवर. बोटाचं टोक सरळ रेषेत नेलं, तर निम्म्या वाटेवर हाताची लांबी जेमतेम ७१ टक्के उरते. हात आखडला! आणि वरचा हात थेट खाली आणायचा असेल, तर मध्यावर तो खांद्यातच गडप होतो. डिस्नेच्या नवशिक्या पोरानंही असं चित्र काढलं नसतं. त्याला स्वतःचा हात होता ना. तो कमानीत फिरतो हे त्याला ठाऊक होतं.

इथे मला बर्गसाँ आठवतो. १९०७च्या ‘क्रिएटिव्ह इव्होल्यूशन’मध्ये त्याचा आक्षेप असा, की आपली बुद्धी सिनेमाच्या यंत्रासारखी चालते, स्थिर चित्रं घेते आणि गती बाहेरून जोडते. माझी तरुणपणी समजूत होती, की हे जरा काव्यमय आहे. आता टाइमलाइन पाहिली की वाटतं, म्हातारा नेमकं बोलत होता. काळाची तिथे अक्षरशः पट्टी केलेली आहे. मात्र यंत्राची बाजूही ऐकायला हवी. १९७६ साली बर्टनिक आणि वाइन यांनी सांगाड्याची पद्धत मांडली. त्यात चित्राच्या आत साध्या रेषांचा एक सांगाडा ठेवायचा, हालचाल त्याला द्यायची, आणि चित्रानं त्याच्यामागून जायचं. आजच्या सॉफ्टवेअरमध्ये पात्राला ‘हाडं’ बसवतात, तीही याच विचारातली. मग मध्यबिंदू लांबीवर न काढता कोनावर काढता येतो: ९० अंशांच्या निम्मे ४५, आणि हात अख्खा राहतो.

म्हणजे इन-बिट्वीनरला अंगानं जे माहीत होतं, ते यंत्राला वेगळं शिकवावं लागलं. वेगाचंही तसंच. चेंडू सुटताना हळू, मग भरधाव, थांबताना पुन्हा हळू. यासाठी सॉफ्टवेअरमध्ये ‘ईझ’ नावाची सोय असते. पण ती किती द्यायची, हे अजून पडद्यासमोर बसलेला माणूसच ठरवतो, डोळ्यांनी पाहून, मागे-पुढे करत.