पत्रे आली, वाचणारे नाही

दारात पत्रांचा ढीग पडावा आणि घरात ती वाचणारेच कोणी नसावे, अशी अवस्था शरीराचीही होते. १९६७ साली डॉ. सॅम्युएल रेफेटॉफ आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी अमेरिकेत एका कुटुंबाची हकिकत प्रसिद्ध केली. त्यातली भावंडे मूकबधिर होती. गळ्याला गलगंड आणि हाडांची वाढ मागे पडलेली. थायरॉईडचे संप्रेरक कमी पडत असेल, असेच कुणालाही वाटावे. रक्त तपासले तर ते भरपूर! या डॉक्टरांनी तर्क मांडला की, दोष ग्रंथीत नसावा. तिचा निरोप घेणाऱ्या अवयवांतच तो असावा.

पुराव्याला बरीच वर्षे लागली. हा निरोप घेणारे प्रथिन १९८६ साली ओळखले गेले. १९८९ मध्ये दुसऱ्या काही कुटुंबांत तिसऱ्या गुणसूत्रावरच्या ‘बीटा’ जनुकात चूक सापडली. १९९२ साली त्या मूळ कुटुंबाचेही कोडे सुटले. मुलांत या जनुकाचा प्रथिन घडवणारा भाग दोन्ही प्रतींतून नाहीसा झाला होता. आईवडील एकमेकांच्या नात्यातले. दोघांचीही एकेक प्रत गेलेली, एकेक शाबूत; पण त्यांना त्रास काहीच नव्हता.

नवल पुढेच आहे. इतर बहुतेक रुग्णांत एकच प्रत बिघडलेली असते, तरीही आजार होतो. कारण बिघडलेली प्रत गप्प बसत नाही. तिचे प्रथिन चांगल्याच्या जागेवर ठाण मांडते आणि त्याचेही काम अडवते. नसलेल्यापेक्षा बिघडलेला अधिक नडतो, तो असा! अशा आईचा किंवा वडिलांचा दोष प्रत्येक अपत्यात उतरण्याची शक्यता निम्मी असते. सुमारे ४० हजारांत एकाला हा विकार असतो.

विकार विरळा, पण चूक महागात पडते. रक्तातले वाढलेले संप्रेरक पाहून काहींची ग्रंथी शस्त्रक्रियेने काढली गेली, काहींची किरणोत्सर्गी आयोडिनने निकामी केली गेली. निरपराध ग्रंथीला शिक्षा झाली आणि रुग्णाच्या नशिबी जन्मभराच्या गोळ्या आल्या. म्हणून संप्रेरक वाढलेले असूनही टीएसएच खाली उतरलेले नसेल, तर घाई न करता तज्ज्ञाला विचारावे आणि घरातल्या इतरांचेही रक्त तपासून घ्यावे. काढलेली ग्रंथी परत बसवता येत नाही.