पिष्टजन्य विघटनशील प्लॅस्टिक

मका, साबुकंद, बटाटा, ज्वारी यांतील स्टार्च (पिष्ट) उष्णता व दाब देऊन वितळवता येईल असा करायचा आणि त्यात दुसरे विघटनशील बहुवारिक व बळकटी देणारे भरक मिसळायचे. अशा रीतीने तयार होणारे प्लॅस्टिक. पिशव्या, रोपांच्या पिशव्या, पॅकिंगचा फोम आणि शेतातील मल्चिंग पेपर हे त्याचे मुख्य उपयोग. हिंगोली जिल्ह्यातील साखरा आणि आसपासच्या शिवारात ज्वारी, कापूस, सोयाबीन, हळद ही पिके होतात. स्टार्च आणि भरक दोन्ही त्यांतून मिळण्याजोगे आहेत, म्हणून येथे त्यांचा विचार मुद्दाम केला आहे.

घडण. स्टार्चच्या कणात साधारण एक चतुर्थांश अमायलोज (सरळ साखळ्या) आणि उरलेले अमायलोपेक्टिन (फांद्या फुटलेल्या साखळ्या) असते. कोरडा स्टार्च नुसता तापवला तर वितळण्याआधीच करपतो. कुरडया करताना जे घडते तेच इथे यंत्रात घडवतात: गव्हाचा चीक पाण्यात शिजला की पांढऱ्याचा पारदर्शक होतो, घट्ट होतो आणि सोऱ्यातून हवा तसा निघतो, पण वाळला की कडकडीत होऊन मोडतो. हा ठिसूळपणा टाळण्यासाठी पाण्याबरोबर ग्लिसरीन घालतात, बहुधा स्टार्चच्या वजनाच्या २० ते ४० टक्के. एक्स्ट्रूडरच्या फिरत्या स्क्रूखाली कण फुटतात आणि वितळणारा, लवचीक स्टार्च मिळतो. तरीही दोन दोष राहतात. दमट हवेत तो पाणी शोषून लिबलिबीत होतो, आणि ठेवून दिला की साखळ्या पुन्हा एकमेकींना बिलगून त्याला कडक करतात. एकट्या स्टार्चची बाजारहाटाची पिशवी होत नाही, ती या दोन दोषांमुळे.

मिश्रणे. १९७० च्या दशकात ब्रिटनमध्ये जी. जे. एल. ग्रिफिन यांनी पॉलिथीनमध्ये स्टार्च भरण्याची पद्धत काढली. त्यातला स्टार्च जंतू खातात, पॉलिथीन मात्र तुकडे होऊन मातीतच राहते. अशा मालाला विघटनशील म्हणणे ही ग्राहकाची दिशाभूल आहे. पुढे इटलीच्या नोव्हामॉंट कंपनीने ‘मॅटर-बी’ या नावाने स्टार्च व विघटनशील पॉलिएस्टर यांची मिश्रणे बाजारात आणली. आज पीबॅट हा लवचीक पॉलिएस्टर आणि पीएलए हा ताठ पॉलिएस्टर जास्त वापरतात. पीबॅट बहुतांशी खनिज तेलापासून बनतो. पीएलए साखर किंवा स्टार्च आंबवून मिळणाऱ्या लॅक्टिक आम्लापासून होतो; पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजने जेजुरी येथे २०२४ मध्ये त्याचे प्रात्यक्षिक केंद्र सुरू केले. स्टार्चला पाणी प्रिय, पॉलिएस्टरला अप्रिय. म्हणून दोघांना जोडणारा मॅलेइक अनहायड्राइडसारखा दुवा लागतो.

भरक. सेल्युलोजचे तंतू रासायनिकदृष्ट्या स्टार्चचेच सगोत्र, त्यामुळे दोघांची पकड चांगली बसते. माटुंग्याच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेत (‘सिरकॉट’, स्थापना १९२४) कापसाच्या आखूड तंतूंपासून नॅनोसेल्युलोज तयार करण्यावर काम झाले आहे. पऱ्हाटी, सोयाबीनचे भुसकट, उसाचे चिपाड यांतही सेल्युलोज आहे, मात्र लिग्निन काढण्याचा खर्च आधी करावा लागतो.

दुसरा भरक म्हणजे चिकणमातीतील मॉंटमोरिलोनाइट. त्याचे अतिशय पातळ पापुद्रे फिल्ममध्ये सुटे झाले की बाष्पाला वळसे घेत जावे लागते. साधारण ५ टक्क्यांपुढे ते गोळा होतात आणि फायदा ओसरतो. मराठवाड्याची बेसाल्टपासून झालेली काळी जमीन याच खनिजकुळामुळे उन्हाळ्यात भेगाळते. शेतातली माती तशीच वापरता येत नाही, तिच्यातून खनिज वेगळे काढावे लागते; उद्योगात त्यासाठी बेंटोनाइट वापरतात.

काळी ज्वारी. खरीप ज्वारी काढणीच्या वेळी पावसात सापडली तर कणसावर बुरशी चढते, दाणा काळा पडतो आणि भाव कोसळतो. असा दाणा खाण्याला नालायक ठरला तरी त्यातला बराच स्टार्च कामाचा असतो. काळपट रंगामुळे त्याची पांढरी पिशवी होणार नाही, पण मल्चिंग पेपर तर काळाच हवा असतो. या भागासाठी संशोधनाचा पैसा कॅरीबॅगपेक्षा इकडे लागायला हवा.

कसोट्या. महाराष्ट्राने मार्च २०१८ मध्ये प्लॅस्टिक पिशव्यांवर बंदी घातली, तेव्हा रोपवाटिका व शेतीसाठी कंपोस्ट होणाऱ्या पिशव्यांना सवलत ठेवली. ‘कंपोस्ट होणारे’ ठरण्यासाठी आयएस/आयएसओ १७०८८ लागू आहे: सुमारे ५८ अंश सेल्सियसच्या कंपोस्टमध्ये १८० दिवसांच्या आत ९० टक्के कार्बनचे कार्बन डायऑक्साइड व्हायला हवे. गावच्या उकिरड्यात ही उष्णता सतत टिकत नाही. शेतातल्या फिल्मला म्हणून युरोपात ईएन १७०३३ (२०१८) हे वेगळे मानक आहे, त्यात मातीच्या तापमानात दोन वर्षांची मुदत मिळते.

हळदीत भरणी (रोपांच्या बुडाशी माती चढवणे) लागणीनंतर अडीच-तीन महिन्यांनी होते. त्या वेळी साधा मल्चिंग पेपर फाटतो आणि त्याचे तुकडे वेचावे लागतात. पिष्टजन्य फिल्म तेवढे दिवस तण दाबून धरू शकली, तर भरणीच्या मातीखाली तिला तशीच जाऊ देता येईल. त्यासाठी ग्लिसरीन, पीबॅट आणि भरक यांचे प्रमाण येथील पावसाळ्यातच तपासून ठरवावे लागेल.