भाभा स्कॅटरिंग: एका नावाची कुळकथा

परभणीतल्या बी.एस्सी.च्या वर्गात ‘भाभा’ म्हटलं, की ट्रॉम्बेची अणुभट्टी आठवते. पण जगभरच्या प्रयोगशाळांत हे नाव घेतलं जातं ते एका टकरीसाठी, भाभा स्कॅटरिंगसाठी.

१९३२ साली कार्ल अँडरसनला पॉझिट्रॉन सापडला. वस्तुमान इलेक्ट्रॉनइतकंच, विद्युतभार मात्र उलटा. भौतिकशास्त्रज्ञ डिरॅकच्या सिद्धान्तात तो म्हणजे इलेक्ट्रॉनांनी भरलेल्या सागरातली एक रिकामी जागा. मुंबईत १९०९ साली जन्मलेले होमी भाभा तेव्हा केंब्रिजला होते. पॉझिट्रॉन खरोखर तसाच असेल तर तो इलेक्ट्रॉनवर आदळल्यावर काय होईल, हा त्यांचा प्रश्न. वाटा दोन निघतात. दोघं एकमेकांना ओढतात आणि दिशा बदलून निघून जातात. किंवा दोघंही नष्ट होतात आणि त्या ऊर्जेतून तशीच जोडी पुन्हा जन्मते. बाहेर पडलेली जोडी कुठल्या वाटेनं आली हे सांगता येतच नाही, म्हणून दोन्ही वाटा एकत्र धरूनच गणित मांडावं लागतं. मला यातलं सर्वांत देखणं वाटतं ते हेच. १९३६ साली या गणिताचा त्यांचा निबंध छापून आला, तेव्हा भाभा २६ वर्षांचे होते.

त्यांच्या सूत्रात स्पिनची, म्हणजे कणांच्या अंगभूत फिरकीची, सरासरी काढलेली होती. स्पिनची दिशा धरून हिशेब इतरांनी पुढं केला, आणि त्याची गरज लागली ती १९५७ नंतर. अणुकेंद्राच्या बीटा क्षयातून निघणाऱ्या इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनांचे स्पिन एका बाजूला झुकलेले असतात, असं त्या वर्षी दिसलं. पॉझिट्रॉनचा झुकाव मोजायचा कसा? पॉझिट्रॉनांच्या वाटेत लोखंडाचा पातळ पत्रा ठेवून त्याला चुंबकत्व द्यायचं. लोखंडाच्या अणूत २६ इलेक्ट्रॉन. त्यांतले जेमतेम दोन, म्हणजे सुमारे ८ टक्के, चुंबकाचं ऐकून एका दिशेला वळतात. मग चुंबकाची दिशा उलटवायची आणि दोन्ही वेळा विखुरलेल्या जोड्या मोजायच्या. कण अतिवेगवान असतील, तर जोडीच्या वस्तुमानकेंद्रातून पाहता काटकोनात, विरुद्ध स्पिनची टक्कर समान स्पिनच्या टकरीपेक्षा ८ पट अधिक घडते. प्रत्येक अणूतले बाकीचे २४ इलेक्ट्रॉन हा फरक पातळ करून टाकतात, आणि हातात उरतात काही टक्के. तेवढ्यावर पॉझिट्रॉनचा स्पिन ओळखायचा.

जिनिव्हाच्या सर्न प्रयोगशाळेत १९८९ ते २००० या काळात इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकमेकांवर आदळवणारं लेप यंत्र चाललं. तिथं किती टकरी झाल्या हे मोजायलाही लहान कोनातलं भाभा स्कॅटरिंगच वापरलं. परभणीच्या फळ्यावर हे सूत्र लिहाल, तेव्हा शेजारी ‘मुंबई, १९०९’ एवढंही लिहा.