एका पंगतीसाठी

डोईफोडियासारख्या सीमेजवळच्या गावातलं पोर पुढच्या शिक्षणासाठी घर सोडतं, तेव्हा बऱ्हाणपूर, खंडवा, जळगाव नाहीतर अमरावती गाठतं. बॅग टेकवली की खोलीतल्या दुसऱ्या मुलाशी गाठ पडते. दिवा किती वाजता मालवायचा, फोनवर कुठं बोलायचं, झाडू कोणी मारायचा, अशी कुरबुर सुरू होते. शंभर वर्षांपूर्वी भांडण इथवर पोचतच नसे. शेजारी कोण झोपणार आणि पंगतीला कोण बसणार, तिथंच सगळं अडायचं.

शाहू महाराजांनी 1896 मध्ये कोल्हापुरात सगळ्या जातींच्या मुलांसाठी एक वसतिगृह काढून पाहिलं. ते जमलं नाही. हळूहळू तिथं ब्राह्मण विद्यार्थीच उरले. मग महाराजांनी वेगळी वाट धरली. 1901 मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं आणि त्यापाठोपाठ जैन, मुस्लिम, लिंगायत अशी एकेका समाजाची वसतिगृहं उभी राहिली. त्यामुळे खेड्यातली पोरं शहरात येऊन शिकू लागली, हे या प्रयोगाचं मोठं यश. पण चुली वेगळ्याच राहिल्या.

1908 मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झालं. त्याच्या उद्घाटनाच्या समारंभाला जैन बोर्डिंगमधला एक विद्यार्थी गेला. परतल्यावर त्याला सांगण्यात आलं, आंघोळ करून मगच जेवायला बस. तो हटून बसला. आंघोळ केली नाही आणि बोर्डिंगमधून त्याला काढून टाकण्यात आलं. तो मुलगा म्हणजे भाऊराव पाटील. गैरसोयीच्या मुलाला बाहेर काढून वाद मिटवायचा, ही रीत त्यांनी स्वतः सोसली होती.

1919 मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि 1924 मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं. तिथं मराठा, महार, मुस्लिम, जैन अशी सगळी मुलं एकत्र राहत, एकत्र जेवत. पाणी भरणं, स्वयंपाक, भांडी, झाडलोट ही कामं मुलंच करत. ही व्यवस्था पैशांच्या टंचाईतून आली हे खरं. पण तिच्यातली खरी ताकद वेगळी होती. ज्याच्या हातची भाकरी रोज खायची, त्याचा विटाळ मानून दिवस कसा काढणार? कामाची पाळी सगळ्यांवर आली की खोलीतली उच्चनीचताही टिकत नाही. एकदा कोठीत धान्यच उरलं नाही, तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी गळ्यातलं मंगळसूत्र मोडून मुलांना जेवू घातलं. 1927 मध्ये गांधीजींच्या हस्ते या वसतिगृहाला शाहू छत्रपतींचं नाव देण्यात आलं.

वऱ्हाडात पंजाबराव देशमुखांनी अमरावतीला श्रद्धानंद छात्रालय काढलं, तेही सर्व जातींच्या मुलांसाठी. बऱ्हाणपूर त्या काळी याच मध्य प्रांत-वऱ्हाडात होतं आणि 1956 पर्यंत या मुलखाची राजधानी नागपूर होती, हे आज सीमारेषा पाहताना ध्यानात राहत नाही.

खोलीतल्या सोबत्याशी कसं निभतं, याचं सर्वांत सुंदर उदाहरण मात्र न्यूयॉर्कचं आहे. 1913 मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेलेले भीमराव आंबेडकर सुरुवातीला हार्टली हॉलमध्ये राहिले. तिथून ते भारतीय विद्यार्थ्यांच्या क्लबात गेले आणि शेवटी लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना या पारशी मित्रासोबत स्थिरावले. मुंबई इलाख्यातले हे दोन तरुण, एक पारशी आणि एक महार, मायदेशात एका खोलीत राहिलेच असते असं म्हणवत नाही. परक्या गावी मात्र त्यांची मैत्री जमली ती जन्मभरासाठी. 1920 मध्ये आंबेडकर अर्धवट राहिलेलं शिक्षण पुरं करायला लंडनला निघाले, तेव्हा त्यांच्या गाठीला स्वतःची बचत होती, शाहू महाराजांची मदत होती आणि भथेनांनी उसने दिलेले पाच हजार रुपये होते.