समोरच्या घासापुरता हात

मुलांना जेवायचं कसं शिकवावं, हा प्रश्न आजच्या आहारतज्ज्ञांनी शोधून काढलेला नाही. इ.स. 626 च्या सुमारास मदिनेत हजरत उम्मे सलमा यांचा निकाह प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याशी झाला. पहिल्या पतीपासूनचा त्यांचा लहानगा मुलगा उमर प्रेषितांच्या घरी वाढू लागला. जेवताना त्याचा हात ताटभर फिरायचा. प्रेषितांनी त्याला समजावलं, की अल्लाहचं नाव घ्यावं, उजव्या हाताने खावं आणि आपल्या पुढ्यातलं खावं. पुढे मोठेपणी उमर सांगत, की तेव्हापासून आपण तसंच जेवत आलो. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीस-संग्रहांत हा प्रसंग आहे.

आपल्या घरांत यातल्या पहिल्या दोन गोष्टी पक्क्या राहिल्या. मूल बोलायला लागलं की बिस्मिल्लाह शिकवतोच, डावा हात पुढे आला की टोकतोही. तिसरी मात्र सुटत चालली. एका मोठ्या ताटाभोवती चारजण बसायचे तेव्हा 'पुढ्यातलं' या शब्दाला अर्थ होता, कारण पलीकडचा भाग दुसऱ्याचा असायचा. आता प्रत्येकाचं ताट वेगळं, आणि ताटाशेजारी मोबाइल.

या विषयावर सविस्तर लिहिलं ते इमाम गझाली यांनी (1058–1111). 'इह्या उलूमिद्दीन' या ग्रंथाच्या चाळीस भागांपैकी एक पूर्ण भाग जेवणाच्या अदबीवर आहे. पण मला जास्त मोलाचा वाटतो तो बाविसाव्या भागातला मुलांच्या संगोपनाचा मजकूर. मुलात सगळ्यांत आधी जोर धरते ती खाण्याची हाव, म्हणून शिकवण्याची सुरुवातही तिथूनच करावी, असं ते मानतात. इतरांच्या आधी हात घालू नये, खाणाऱ्यांकडे टक लावून पाहू नये, घाई करू नये, नीट चावावं, एक घास संपण्याआधी दुसरा उचलू नये, कपडे माखू नयेत. कधीमधी नुसती कोरडी भाकरीही द्यावी, म्हणजे कालवणाशिवाय जेवणच नाही असं मुलाला वाटणार नाही. नऊशेहून अधिक वर्षांपूर्वी कुणीतरी चावण्याचा वेग इतका बारकाईने पाहत होतं! जास्त खाणाऱ्या मुलाला जनावराची उपमा द्यावी, हा त्यांचा सल्ला मात्र मला पटत नाही. बी.एड.ला शिकले त्यापेक्षा वर्गाने जास्त शिकवलं, की लाजवलेलं मूल चोरून खातं.

आमच्या कुसगावच्या परिसरात चोरून खाण्याचीही गरज नाही. लोणावळा जवळ, एक्सप्रेसवे जवळ, पावसाळ्यात शनिवार-रविवारी पर्यटकांची रीघ. दर टपरीवर वेफर्सच्या पाकिटांच्या माळा, आणि त्या नेमक्या मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर. हाच मावळ इंद्रायणी तांदळाचा. वडगाव मावळच्या संशोधन केंद्राने 1987 मध्ये तो वाण दिला. त्याचा मऊ, वासाचा भात पोरांना 'बोअर' वाटतो, पाकीट नाही.

भुकेचा प्रश्न वेगळा, तो याआधीचा आहे. 1877 च्या दुष्काळात महात्मा फुले यांनी पुण्याजवळ धनकवडीला मुलांसाठी अन्नछत्र चालवलं. 15 ऑगस्ट 1995 ला केंद्राची शालेय पोषण योजना आली, तेव्हा बहुतेक राज्यांत मुलांच्या हाती महिन्याला तीन किलो कोरडं धान्य पडायचं. शिजवलेलं जेवण शाळेतच द्या, हा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 28 नोव्हेंबर 2001 ला दिला. पहिली ते पाचवीला 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिनं, सहावी ते आठवीला 700 कॅलरी आणि 20 ग्रॅम, असं माप ठरलं. किती वाढायचं ते कागदावर आहे. कसं खायचं ते शिक्षकावर आणि घरावर.

माझ्या मते न्यायालयाच्या त्या आदेशाने नकळत आणखी एक गोष्ट दिली, ती म्हणजे पंगत. आमच्या मुलांचं घरातलं एकत्र दस्तरखान विरलं, पण शाळेच्या व्हरांड्यात कुणाचीही मुलं एका ओळीत मांडी घालून बसतात. तिथे सगळ्यांना वाढून होईपर्यंत थांबावं लागतं, शेजारच्याला पुरेल ना ते बघावं लागतं. कुणी बिस्मिल्लाह म्हणतं, कुणी श्लोक. घाई असतेच, कारण जेवण आटोपलं की मैदान. पण खिचडी पातेल्यातून थेट येते, वाफाळती. पहिली पाच मिनिटं फुंकर मारत, हळूच कडेकडेने खाण्याशिवाय कुणाला गत्यंतर नसतं.